बाहेर पडायचं बटण

नोंदी आणि फायली नीट लावून ठेवणारं माझं फुकट अ‍ॅप अजून माझ्याच लॅपटॉपवर होतं, तरी त्यावर पहिला अभिप्राय आला. "झकास! फक्त अक्षर मोठं करा. इथे उजेड कमी आहे."

मी हरखलो. लगेच अक्षर वाढवलं.

"अरे, अ‍ॅप तू कुणाला दिलंच नाहीस, मग वापरतंय कोण?" ताईने विचारलं.

"समाधानी ग्राहक," मी म्हणालो.

तेवढ्यात दुसरा अभिप्राय आला. "आता छान वाचता येतं. ताईंना निळा रंग शोभतो. बाहेर पडायचं बटण मात्र सापडत नाही."

ताईने स्वतःच्या निळ्या शर्टाकडे पाहिलं. "ते बटण देऊ नकोस हं!"

पण एकुलता एक ग्राहक नाराज कसा करायचा? मी बटण दिलं.

ते आपोआप दाबलं गेलं. ताईच्या खुर्चीमागे कुणीतरी ऐसपैस आळस दिला.