पळीभर तीर्थ

साठीनंतर अक्षरं शिकलेल्या म्हातारीनं नवऱ्याला दवाखान्याचा कागद बोट फिरवत वाचून दाखवला होता: हर्नियाच्या ऑपरेशनआधी पाण्याचा थेंबही नको. तरी पहाटे पूजा आटोपल्यावर त्याचा हात नेहमीसारखा पुढे आला आणि तिनं सवयीनं त्यावर तुळशीच्या पानासह पळीभर तीर्थ घातलं नि ती आवरायला वळली. आता कुंभकोणमच्या दवाखान्यात नर्स तमिळमध्ये विचारत होती, “आजोबा, पहाटेपासून पोटात काही गेलं?” “नाही,” म्हातारा म्हणाला. म्हातारी ताडकन उठली. ऑपरेशन पुढे गेलं तरी चालेल, पण भूल देताना जीवावर बेतलं तर? “खोटं सांगतायत! मीच तीर्थ दिलं.” तो घरच्या मराठीत म्हणाला, “वेडे, जन्मात पहिल्यांदा तू काही वाचून दाखवलंस, ते मोडेन होय? तीर्थ डोळ्यांना लावलं.” त्यानं मूठ उघडली. पान तळव्याला चिकटलं होतं. “हे सांभाळ. शुद्धीवर आलो की तूच भरव.”