बारा तारखेची मोजणी

गावात सुदो आडनावाची अकरा घरं आहेत.

दूर गेलेल्या माणसासाठी घरी ताट मांडतात; त्यातल्या सारावरचं झाकण आतून ओलं निघालं, की तो सुखरूप आहे असं समजायचं.

जुन्या पद्धतीने, स्कीवर दोन्ही पाय जुळवून वळणं घेणारे लोक आता उतारावर दिसत नाहीत.

जानेवारीच्या बारा तारखेला डोंगरदेवी आपली झाडं मोजते. त्या दिवशी वर सापडेल तो माणूस झाडांत धरला जातो, घरी परतत नाही. म्हणून गावातलं कुणी वर जात नाही.

रोपवेचा तेवीस नंबरचा डबा अकरा वाजून दहा मिनिटांनी अधांतरी थांबला.

आत दोघं होती. चिहाया, चाळीस वर्षांची, छातीवर ‘गाईड – सुदो’ असा बिल्ला. आणि तिचं आजचं गिऱ्हाईक, तोक्योहून आलेले सत्तरीचे ओतानी. वारा डबा कलता करून पुन्हा सोडून देत होता. खाली बर्फाने लिंपलेली झाडं खांदे पाडून उभी होती.

“किती वेळ?” ओतानींनी विचारलं.

“वाऱ्याला विचारा.”

“माझी दोन चाळीसची बस आहे.”

“मग तसं सांगा त्याला.”

सकाळी पहिल्याच उतारावर, तिने हात वर करण्याआधी, हा माणूस उजवीकडे सरकला होता. डावीकडे बर्फाखाली ओढा आहे. तो कुठल्याच नकाशात नाही. तेव्हा तिने त्याच्या पायांकडे पाहिलं होतं. जुळलेले होते.

“आधी आला होतात इकडे?”

“छे. कधीच नाही.” त्याने काचेवरची वाफ पुसली. ती लगेच पुन्हा धरली. “आज बारा तारीख. मला वाटलं, गाईड बाहेरगावचे असतील.”

“का बरं?”

तो पुन्हा काच पुसू लागला.

“जोडून सुट्टी आलीय,” चिहाया म्हणाली. “गर्दी आहे. रोपवेचे नवे मालक म्हणाले, देवीला सांगा, तारीख पुढे ढकल.”

तो हसला नाही. बराच वेळ बिल्ल्याकडे बघत राहिला.

“कुठल्या सुदोंची गं तू?”

अहो-जाहो गळून पडलं होतं. असं फक्त गावातले विचारतात.

“पाणचक्कीवाल्यांची.”

त्याने हातमोजे काढले. पुन्हा घातले. डबा कलला, तसा दोघांनी एकाच दांड्याला हात घातला. त्याने आपला काढून घेतला.

“तुझी आई?”

“आहे. रोज सकाळी सातला तुमचं ताट मांडते. भात, सार, मुळ्याचं लोणचं. एकतीस वर्षं. मला साप्पोरोला दोनदा नोकरी लागली. ती घर सोडेना. म्हणते, ते आले नि चूल गार असली तर?”

“नवरा मेला असं लिहून द्यायचं. सात वर्षांनी देता येतं.”

“मी कागद आणले होते. तिने झाकण दाखवलं. म्हणाली, बघ, ओलं आहे.”

“अगं, गरम सार. कुणाचंही झाकण ओलं होईल.”

“हे तिला सांगा. खाली उतरल्यावर.”

“चिहाया.” हे नाव बिल्ल्यावर नव्हतं. “पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचाय. त्याआधी एकदा हा उतार करायचा होता, एवढंच. तिकडे माझं सगळं वेगळं आहे आता. मला बसपर्यंत सोड. तू कुणाला पाहिलंच नाहीस.”

“तुम्ही निघून गेलात, मी नऊ वर्षांची होते, तेव्हा खरंच पाहिलं नव्हतं. झोपले होते मी.”

तिच्या कमरेची वॉकीटॉकी खरखरली. कंट्रोल रूममधून मोजणी चालू झाली होती. एकेक गाईड आपल्या डब्यातली माणसं सांगत होता. नऊ नंबर, चार माणसं. चौदा नंबर, तीन, त्यातल्या एकाला उलटी होतेय. खाली तिकीट खिडकीत, उपाहारगृहात, गाड्यांच्या तळावर सगळी गावातली माणसं कामाला होती. पायथा डोंगरात धरत नाहीत. तिथे प्रत्येकाच्या कमरेला असंच यंत्र होतं, आणि आज सगळी एकाच चॅनलवर होती.

“तेवीस. किती?”

“दोन.”

“नावं सांगा.”

“सुदो चिहाया.” तिचं बोट बटणावरच होतं. समोरचा मान हलवत होता, नको, नको. “आणि सुदो सेइगो. पाणचक्कीवाले.”

कंट्रोल रूमच्या ऐवजी उपाहारगृहातून एका म्हातारीचा आवाज आला. मागे भांडी वाजत होती.

“काय म्हणालीस गं?”

चिहायाने यंत्र कमरेला अडकवलं.

बारा वाजता डब्याने हिसका दिला आणि तो उलटा, खालच्या दिशेने निघाला. सेइगो दाराशी गेला. दार आतून उघडत नाही, हे त्यालाही माहीत असणार. त्याने कडेच्या फटीवर बोटं ठेवून पाहिलीच. झाडं संपली. पायथा दिसू लागला. उपाहारगृहातून पांढरे एप्रन घातलेली माणसं बाहेर येत होती. येऊन जिथल्या तिथे थांबत होती, माना वर करून. कुणी हात हलवत नव्हतं. तो ओठ हलवत त्यांना मोजू लागला आणि अकरावर चुकला.

त्या सकाळी चिहाया घरून सहालाच निघाली होती. सातला तिच्या आईने एकच ताट मांडलं. ते नवऱ्याचं नव्हतं, डोंगरावर गेलेल्या लेकीचं होतं.