डावीकडून तिसरी

उत्तराने शाळेचा वार्षिक अंक चौथ्यांदा उघडला, आणि चौथ्यांदाही डावीकडून तिसऱ्या जागी कलावतीच निघाली. निघणार नाही तर काय! सहा वर्षांपूर्वी फोटो निघाला तेव्हा ती तिथेच उभी होती.

खाली छापलेली नावं मात्र वेगळंच सांगत होती. 'इयत्ता आठवी अ, १९५०. उभ्या मुली, डावीकडून' अशी ती ओळ सुरू होत होती, आणि तिसरं नाव होतं कु. उत्तरा. मास्तरांनी नावं आधीच लिहून घेतली होती. मग फोटोग्राफरच्या डोळ्यांत उत्तराची उंची खुपली. त्याने तिला कडेला पिटाळलं आणि तिच्या जागी कलावतीला ओढलं. नावं बदलायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. अंक हाती आला तेव्हा वर्गात हशा पिकला होता. पुढे वर्षभर मुली मुद्दाम उत्तराला कलावती म्हणून हाक मारायच्या आणि कलावतीला उत्तरा म्हणून, आणि दोघीही खुशाल ओ द्यायच्या.

आता मात्र हसू येत नव्हतं. उत्तराच्या वडिलांनी, महिपतरावांनी, हाच अंक कल्याणच्या त्या फोटोवाल्याकडे नेला होता. त्याच्याकडे त्या फोटोची जुनी काच, म्हणजे निगेटिव्ह, जपून ठेवलेली होती. "डावीकडून तिसरी. मोठा करा आणि परस्पर ठाकुर्लीच्या स्थळाच्या पत्त्यावर टाका," असं सांगून ते डोंबिवलीला परत आले. अंकातला चेहरा हरभऱ्याएवढा, आणि महिपतरावांचा विश्वास छापलेल्या अक्षरावर. त्यात उत्तराचा दुसरा फोटोच नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं तिच्या आईचं, रखमाबाईंचं, ठाम मत. शाळेतला तेवढा त्यांच्या नकळत निघालेला.

उत्तराला हे सगळं कळलं तोवर पाकीट पोचलंही होतं. आठव्या दिवशी उत्तर आलं. मुलगी पसंत आहे, रविवारी येतो.

याआधी चार स्थळं येऊन, चहा पिऊन, 'कळवतो' म्हणून गेली होती ती गेलीच होती. त्यामुळे या एका ओळीने घराला पालवी फुटली. रखमाबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. उत्तराला खरं सांगायचं होतं. अगदी ओठांवर यायचं, पण आईचा उजळलेला चेहरा दिसला की ती ते गिळून टाकायची. कलावती चारचौघींत उठून दिसणारी. पसंती तिला मिळाली होती, साखर मात्र आपल्या नावाने वाटली गेली. चार दिवस उत्तराचं कशातच मन लागेना.

तिने पानं उलटली. पुढे संमेलनातल्या नाटकाचा फोटो होता. कलावती शिपाई झाली होती आणि तिची अर्धी मिशी सुटून ओठावर लोंबत होती. निदान हिला तरी पत्र लिहून मन मोकळं करावं, तर पत्ता कुठे होता? दहावीत असतानाच तिच्या रेल्वेतल्या वडिलांची दूर बदली झाली. तिकडेच तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं, त्यानंतर काहीच नाही. उत्तराने अंक ट्रंकेत अगदी तळाशी घातला आणि वर तीन लुगडी टाकली.

रविवारी विश्राम एकटाच आला. ठाकुर्लीच्या रेल्वे पॉवर हाऊसमध्ये फिटर, वर्षापूर्वीच भुसावळहून बदलून आलेला. आईवडील नाहीत. पहिली बायको लग्नाला वर्ष व्हायच्या आत वारली, मूलबाळ नाही. "बिजवर असला म्हणून काय झालं?" हे वाक्य महिपतरावांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ म्हटलं होतं.

उत्तरा चहा घेऊन बाहेर आली. विश्रामने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. तो दचकेल, निदान कपाळाला आठी तरी पडेल, म्हणून ती वाट बघत उभी होती. तसलं काहीच झालं नाही. त्याने कप घेतला आणि बशीत चहा ओतला. त्यामुळे तिची धाकधूक उलट वाढलीच.

"फोटो कुठल्या सालचा?" त्याने महिपतरावांना विचारलं.

"पन्नास सालचा. आठवीतला. पण चेहरा काही बदललेला नाही हो!"

"पूर्ण वर्गाचा असेल ना? तो बघायला मिळेल का?"

"मिळेल की! उत्तरे, अंक कुठे ठेवलास गं?"

"ट्रंकेत असेल. नाहीतर फळीवर."

महिपतराव आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. "अहो, तिथे नाही, माझी लुगडी विसकटू नका," असं रखमाबाई म्हणाल्या. उत्तराला कळलं, आता नाही तर कधीच नाही.

"तो फोटो माझा नाही," ती हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"आत्ता कळलं?"

"पाकीट उघडलं तेव्हाच."

उत्तराला संताप आला. "मग पसंत म्हणून का कळवलंत? माझ्या आईने आळीभर साखर वाटलीय!"

"चुकलं माझं. नापसंत कळवलं असतं, तर या घरात येता आलं नसतं. तो फोटो तुमच्याकडे कुठून आला, ते विचारायचं होतं. आणखी एखादा असेल, असंही वाटलं."

म्हणजे याचा जीव त्या चेहऱ्यातच अडकला होता. उत्तराला रडू येऊ लागलं, पण तिने ते दाबलं.

"ती माझी मैत्रीण, कलावती," ती म्हणाली. "पण तुम्ही तिची आशा धरू नका. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली."

"हो, माझ्याशीच," विश्राम म्हणाला. "ताटातल्या तांदळात मी तिचं नवं नाव सुमती लिहिलं. फोटो काढायचा मात्र राहून गेला."