भर दुपारी गादी

रात्रपाळी करून आलेल्या नर्सचा नुकता डोळा लागला होता, तोच बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या आवाजावर पाहुण्यांचा हशा उसळला. तिने बाहेर येऊन हळू बोलायला सांगितलं, तेव्हा आत्येसासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "दिवसाढवळ्या लोळणारी सून पहिल्यांदाच बघतेय!" सगळे पुन्हा हसले. सासूबाईंनी मान खाली घातली. नर्स आत गेली, गादी ओढत बाहेर घेऊन आली आणि पाहुण्यांच्या पायांपाशी तिने ती ऐसपैस पसरली. "अगं, हे काय?" "आत्या, रात्री पुन्हा वॉर्ड सांभाळायचाय. झोपेच्या तारेत माझ्या हातून इंजेक्शन चुकलं, तर कोणाचा तरी जीव जाईल. तुमचं चालू द्या, मी झोपते." डोक्यावरून चादर ओढून ती आडवी झाली. आत्याबाईंनी घाईघाईने पाय वर घेतले. सासूबाई उठल्या आणि टीव्ही बंद करून कुजबुजल्या, "वन्सं, शेजारी जाऊ. चपला हातात घ्या, वाजतात."