थोरलीचा भाजक

हिशेबाच्या यंत्राच्या खिडकीत ओळीनं शून्यं आली आणि धाकटी खुर्चीवरून ताडकन उठली.

बाकी शून्य! तिनं हँडल फिरवून पुन्हा भागून पाहिलं, मग उलटा गुणाकार केला. एकोणचाळीस आकडे, एकही इकडचा तिकडे नाही. बेचाळीस लाख छप्पन्न हजार दोनशे तेहेतीस. एवढ्याशा संख्येनं थोरलीला नेमकं भागलं होतं.

"काय गं, बढती मिळाली का?" शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टनं विचारलं.

"बढती काय घेऊन बसलीस!" म्हणत तिनं कागद पर्समध्ये कोंबला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि विमा कचेरीचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली.

थोरली म्हणजे तिची बहीण नव्हे. अप्पांना मुलगी एकच. पण ती पाळण्यात होती त्या वर्षी अप्पांनी एका अगडबंब संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कुणीही भागू शकत नाही असं सिद्ध केलं आणि पदक मिळवलं. तेव्हापासून घरात ती संख्या थोरली आणि ही धाकटी. लाडही थोरलीचेच. गेली अकरा वर्षं धाकटी जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या यंत्रावर एकेक भाजक थोरलीला लावून बघत होती. अप्पांचं खरं आहे हे स्वतःच्या हातानं पटवून घ्यायचं, बस्स. निदान ती सगळ्यांना तसं सांगायची.

रस्ताभर तिचे पाय जमिनीवर ठरेनात. भल्याभल्यांनी जिच्यापुढे हात टेकले ती संख्या आपण फोडली! बेचाळीस लाख छप्पन्न हजार दोनशे तेहेतीस, ती स्वतःशीच पुटपुटत होती. समोरून येणारा पोस्टमन घाबरून बाजूला झाला.

दारात मात्र ती थबकली. उद्या सकाळी अप्पांच्या संस्थेत थोरली कोरलेली शिळा बसवणार होते.

अप्पा स्टुलावर बसून बूट घासत होते. "ये, धाकटे! आतल्या बोळात कपाटापाशी दिवा लावून घेतला बघ. इतकी वर्षं ठेचकाळलो तिथं, पण उद्या पाहुणे यायचेत."

"शिळा झाली छान?"

"झाली म्हणजे? पाथरवटानं आकडे दोनदा मोजले, मी सहादा." ते हसले. मग सहज आठवल्यासारखं म्हणाले, "अजून भागतेस का तिला? कुठवर आलीस?"

"चाळीस लाखांच्या पुढे."

ब्रश थांबला. "मग? मिळालं काही?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. तिनं खुंटीवरचा इस्त्रीचा कोट पाहिला, लकाकणारा बूट पाहिला. अप्पा इतके खुशीत तिला आठवतच नव्हते.

"नाही, अप्पा."

"मिळायचंच नाही." ब्रश पुन्हा चालू झाला, जरा जोरात. "आता पुरे कर ते, डोळे जातील. आणि कपाटातली माझी जुनी वही काढ. उद्या दाखवायचीय."

बोळात येऊन तिनं पर्समधला कागद काढला आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले. रडू येत होतं, आणि बरंही वाटत होतं. अकरा वर्षं गेली तर गेली. बाप आपला आहे, थोरलीही आपलीच.

ते लोखंडी कपाट अप्पांनी पदकाच्या वर्षी घेतलेलं. कुलपाला आकड्यांची सात पितळी चाकं. अप्पांनी ती फिरवायला तिला लहानपणीच शिकवलं होतं, अंधारात, खटक्यांच्या तालावर. आकडा तिनं कधी पाठ केलाच नव्हता, तो तिच्या बोटांतच होता.

आजही बोटं आपसूक चालली. शेवटचा खटका वाजला, कुलूप सुटलं, आणि नव्या दिव्याच्या उजेडात तिनं पहिल्यांदाच त्या चाकांकडे पाहिलं.

चार, दोन, पाच, सहा, दोन, तीन, तीन.