डिस्टिलरीबाहेरचा बाक

व्हिस्कीच्या डिस्टिलरीच्या दारातच आंबूस, गरम वास नाकात शिरला आणि ज्ञानदेव आप्पांचे पाय जड झाले. साखर कारखान्यात मळीपासून स्पिरिट काढण्यात त्यांची हयात गेली होती. थेंबही न पिता अंगाला दारूचा वास यायचा. पाहुणे टोमणे मारायचे. निवृत्तीनंतर मुलानं, रणधीरनं, त्यांना हौसेनं स्कॉटलंडमधल्या या गजबजलेल्या गावी आणलं होतं.

"आप्पा, दोनशे वर्षं जुनी आहे! जगभरातून लोक बघायला येतात."

"येऊ देत. मला पुन्हा ड्युटीवर आल्यासारखं वाटतंय रे."

रणधीर खट्टू झाला, पण त्यांना बाहेर बाकावर घेऊन आला. तिथंच आप्पांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा डिस्टिलरीचं फाटक बंद होत होतं. रणधीर आत गेलाच नव्हता. आप्पांचं डोकं आपल्या खांद्यावरून घसरू नये म्हणून तो तसाच अवघडून बसला होता.