ह्यांच्या मापाचे साचे

ह्यांनी जन्मभर लोकांचे बूट शिवले. आता ह्यांच्याच तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पायांवर चादरसुद्धा सोसत नाही. गोळ्यांनी काडीचा फरक नाही.

दुपारी दुकानातली फळी आवरताना ह्यांच्या मापाचे, बूट शिवायचे पावलांच्या आकाराचे लाकडी साचे हाती लागले. चटका बसला. त्या फळीवर ऊन कधीच येत नाही. मी घाबरून ते गार पाण्याच्या बादलीत बुडवले.

आतल्या खोलीतून हाक आली, "अगं, काय जादू केलीस? पाय कसे निवले बघ!"

कितीतरी महिन्यांनी हे हसत होते. माझे डोळे भरून आले. साचे बाहेर काढून मी मायेने पुसू लागले, तोच माझा अंगठा साच्याच्या टाचेत रुतला. लाकूड आतून पोखरलेले, नुसता भुसा होता.

"आता तर काहीच जाणवत नाही गं," हे आनंदाने म्हणाले.